पंच्याहत्तर सेंटिमीटर

सोहारच्या सनाइयात, तिसऱ्या गल्लीत,
जिथे रेडिएटरवाल्याचं गंजकं पाणी आमच्या दारातून वाहतं,
तिथे झुवैना आली भावाच्या गाडीतून,
काच खाली करून म्हणाली, खुर्ची पाहिजे.
फर्निचर पुढच्या गल्लीत, मी म्हटलं.
बसायची नाही. फेकायची.

मला वाटलं, खुर्चीच फेकायची.
गल्फच्या हिंदीत एवढं चालतं.

मग तिने चित्र दाखवलं:
चार पाय, पाठीला टेकू, डाव्या हाताला उभा दांडा,
जमिनीशी साखळ्यांनी आवळलेली,
उंची पंच्याहत्तर सेंटिमीटर, गादी धरून.
वर सूतभरही नाही.

तोवर मी नुसती गेटं करत होतो,
खजुराची, मोरांची, एक तर दोन उंटांनी मुका घेतलेलं.
माणसाच्या मापाचं काही केलं नव्हतं.
फीत तिच्या बहिणीने धरली,
मी पाठ करून आकडे लिहिले.
कसं झालं, विचारलं नाही.
तीच म्हणाली: बातिनाच्या रस्त्यावर उंट आडवा आला.
उंटाला काही झालं नाही.
ठरलेल्या नवऱ्यालाही नाही.

आमच्याकडे अशा मुलीला टाकली म्हणतात.
टाकणं, फेकणं, भिरकावणं,
बसल्या बसल्या शब्द मोजत होतो मी वेल्डिंगच्या काचेआड.

पहिला गोळा चार मीटर दहा.
आमच्या पत्र्याच्या भिंतीवर मी खडूने लिहिला.
खाली चार बासष्ट.
थाळी चौदाच्या पुढे गेली त्या वर्षी
दूरच्या कुठल्या तरी ऑफिसने
तिच्या गटाची थाळीच यादीतून काढली.
चौदा मीटर घेऊन बाईने जायचं कुठे?
ती दोन महिने आली नाही.
मग आली, दांडा चार बोटं पुढे घे म्हणाली,
आता गोळाच.

एक वर्ष भिंतीवर कोरं आहे. ते खांद्याचं.

दुबईला पंचाने पट्टी लावली: पंच्याहत्तर पूर्णांक चार.
बहिणीने नवी गादी शिवली होती,
जुनीने मांडीची सालं निघत होती म्हणून.
रात्री अकराला फोन. माझा व्हिसा मालकाच्या कपाटात.
व्हिडिओवर अल कूझच्या एका पठाणाला सांगत बसलो,
मागचे पाय आधी, भाई, हळू, ग्राइंडर आडवा धर,
आणि पोटात माझ्या जो गोळा आला
तो तीन किलोच्या वरचा होता.
सकाळी तिने पाच एकतीस टाकला.
तिसरी आली.
पठाणाने पैसे घेतले नाहीत, मला मात्र
अजून दर ईदला फोन करून विचारतो, कुर्सी कैसी है.

नऊ वर्षं. तीन वेळा सांधे बदलले,
पट्टे किती ते मोजले नाहीत.
तिला स्पर्धेत फेकताना मी पाहिलं नाही कधीच,
शुक्रवारी मैदानामागे पाहिलंय,
समुद्राकडून दमट वारा,
ती दांडा पकडून मागे जाते,
सगळं अंग कंबरेच्या वरच गोळा होतं,
मग हनुवटीखालून एक हात निघतो
आणि तोंडातून असा आवाज,
जो घरात कुठल्या बाईला काढू देत नाहीत.

आता ती फेकत नाही. सहमच्या एका पोराला शिकवते.
त्याच्यासाठी पायपट्टी वर घ्यायला खुर्ची आणली
तेव्हा म्हणाली, डेगम, बस एकदा.
दिगंबर तिला कधीच जमलं नाही.
बसलो. पोराने पट्टे आवळले.
पाय नाहीतच असं धर, ती म्हणाली.
मी दांडा धरला, जो मीच वाकवला होता,
आणि तो चुकीच्या जागी आहे असं वाटलं मला, माझ्यासाठी.
गोळा सुटला. धप्प झाला, फार जवळ.

साडेतीन, मी म्हटलं.
पोरगा फीत घेऊन वाकला.
आणि झुवैना, जिला माझ्या भाषेतले
मोजून दोन शब्द येतात, मीच कधी तरी शिकवलेले,
चहाचा कागदी कप चेपत म्हणाली,
फेकू नको.